बी फॉर बॉम्बे, एफ फॉर फलटण?

‘‘बी... बी फॉर बॉम्बे. नाही हो, डी नाही. बी! बी फॉर ब्रेड, बी फॉर बटर...’’

कुठल्याही ऑफिसात दुपारी तीनच्या सुमाराला कान उघडे ठेवून बसा. चहा येईपर्यंत हा डायलॉग ऐकू आला नाही तर सांगा. पलीकडे कस्टमर केअरवाली बाई, अलीकडे आपला हिरो. क्यूबिकलमध्ये उभा राहून, एका कानात बोट घालून, तो स्वतःचा ईमेल आयडी सांगतोय. ब्रेड-बटरपर्यंत गाडी आली की समजावं, पुढच्या अक्षराला ‘पी फॉर... पी फॉर... पाव’ होणार.

मला या डायलॉगचा नादच लागलाय. लोक स्टॅम्प गोळा करतात, मी ही ‘फॉर’ची रत्नं गोळा करते. आमच्याच मजल्यावर मिळालेली काही सांगते. ‘ओ फॉर ओके, के फॉर ओके.’ (एका दमात!) ‘ई फॉर ईमेल’ हे ईमेल आयडी सांगतानाच. ‘के फॉर नाइफ’ हे अत्यंत गंभीर चेहऱ्याने. आणि सगळ्यात भारी, ‘एस फॉर एस’. पलीकडून विचारलं गेलं, ‘एफ?’ तर आवाज चढवून, ‘अहो एस! एस फॉर एस!’

हसू येतं, पण दोष त्या माणसाचा नाही. इंग्रजी अक्षरांची नावं ज्यांनी कोणी ठेवली, त्यांना पुढे टेलिफोन येणार आहे याची कल्पना नव्हती. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. मोजा, आठ झाली. आठही ‘ई’वर संपतात. फरक आहे तो सुरुवातीच्या एका झटक्यात, आणि तो झटका असतो सेकंदाच्या काही शतांशांचा. लाइनवर जरा खरखर झाली की झटका गेला, उरला नुसता ‘ई’. अमेरिकन माणूस तर झेडलाही ‘झी’ म्हणतो, म्हणजे त्याची नऊ झाली.

एफ आणि एसची भानगड वेगळी. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनमधून आवाजाचा साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. बोलणं समजायला तो पुरतो. पण ‘स्‌’ची जी शीळ आहे, तिचा बराचसा जोर या पट्ट्याच्या वर असतो. म्हणजे तुम्ही कितीही दात-ओठ आवळून ‘एस्स्स’ म्हणा, फोन ती शीळ दारातच काढून घेतो आणि पुढे जे पोचतं ते एफसारखंच असतं. ओरडून काही होत नाही, कारण प्रश्न आवाज लहान असण्याचा नाहीच. नव्या एचडी कॉलिंगमध्ये हा पट्टा जवळपास 7000 हर्ट्‌झपर्यंत जातो, म्हणून मैत्रिणीचा आवाज एकदम शेजारी बसल्यासारखा येतो. पण कॉल मध्येच कुठे जुन्या लाइनवर गेला, की पुन्हा एस फॉर एस.

आता जरा सिरियस. माझं आडनाव फणसे. इंग्रजीत पी-एच-ए-एन-एस-ई. बाबांनी एका विमा पॉलिसीचे नॉमिनीचे तपशील एजंटला फोनवर सांगितले होते, आणि पी-एचचं झालं टी-एच. पी आणि टी, दोन्ही त्याच आठांच्या टोळीतले. कागदावर आई झाली ‘ठाणसे’. कोणी बघितलंच नाही, कारण असे कागद आपण कपाटात ठेवायला घेतो, वाचायला नाही. 2014 मध्ये बाबा गेले आणि मग कळलं. एका अक्षरासाठी क्लेम चार महिने अडकला. घरात त्या पैशांची गरज होती ती नेमकी त्याच चार महिन्यांत. शेवटी आईला स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागलं, की कागदावरची ती बाई मीच.

तेव्हापासून हा विषय मला नुसता गमतीचा वाटत नाही. आणि तेव्हापासूनच मी तो शोधून शोधून वाचायला लागले.

इंडिया टाइम म्हणजे टोकियोचा!

तर, ज्यांचं काम एका अक्षराने अडतं ते नाही, संपतं, अशा लोकांनी या प्रश्नावर फार आधी डोकं चालवलंय. ते म्हणजे वैमानिक. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्विबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यांकी, झुलू. दोन नाच, एक दारू, एक खेळ, एक प्रेमी जोडपं आणि देश फक्त एक. आपला! (क्विबेकचा अधिकृत उच्चार मात्र ‘केबेक’. पहिल्या फटक्यात कोणीही चुकतं.)

ही यादी कोणाच्या तरी लहरीतून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याची यादी होती ‘एबल, बेकर, चार्ली, डॉग’ अशी. 1946 मध्ये बिकिनी बेटांवर फोडलेल्या दोन अणुबॉम्बच्या चाचण्यांची नावं एबल आणि बेकर, ती यातूनच आली. युद्ध संपलं, विमानं सगळ्या देशांत उडायला लागली आणि लक्षात आलं, की ‘जिग’, ‘योक’ असले शब्द इंग्रज-अमेरिकनांना ठीक आहेत, बाकीच्यांच्या तोंडात बसत नाहीत. मग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयसीएओने, काम हातात घेतलं. माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक जाँ-पॉल विने यांना त्यात आणलं. अटी अशा होत्या : शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश तिन्हींत जिवंत हवा, कुठल्याही भाषेच्या वैमानिकाला म्हणता यावा आणि ओळखता यावा, रेडिओवर टिकावा, आणि त्याला कसलाही नको तो वास नसावा.

पहिली यादी 1951 मध्ये आली. तिच्यात सीला ‘कोका’ होता, एमला ‘मेट्रो’, एनला ‘नेक्टर’, यूला ‘युनियन’ आणि एक्सला ‘एक्स्ट्रा’. प्रत्यक्ष विमानात बसल्यावर बोंब झाली. नेक्टर आणि व्हिक्टर यांत गोंधळ, डेल्टा आणि एक्स्ट्रा यांत गोंधळ. मग पुन्हा चाचण्या झाल्या, 31 देशांच्या लोकांना कानाला लावून, आणि हे पाच शब्द बदलले. 1 मार्च 1956 पासून जी यादी आली, तीच आजतागायत.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फॉक्सट्रॉटची. चाचण्यांत असं दिसलं, की एकटा शब्द म्हणून ‘फुटबॉल’ जास्त चांगला ऐकू येतो. पण लांबलचक बोलण्यात, बाकीच्या पंचवीस शब्दांच्या गर्दीत, फॉक्सट्रॉट सरस ठरतो. म्हणजे सुटा शब्द चांगला असून भागत नाही, तो बाकीच्या सगळ्यांपासून वेगळा हवा. एक बदलला की अख्खी यादी पुन्हा तपासायची. टीममध्ये नवा माणूस घेताना एचआरवाले असा विचार करतील तर काय बहार येईल!

स्पेलिंगमध्येही लबाडी आहे. अधिकृत यादीत अल्फा ‘पीएच’ने नाही, ‘एफ’ने लिहितात, कारण पीएचचा फ होतो हे सगळ्या भाषांना माहीत नसतं. (फणसे घराण्याकडून या निर्णयाचं हार्दिक स्वागत.) आणि ज्युलिएटला शेवटी दोन टी, कारण एक ठेवला तर फ्रेंच माणूस तो गिळणार आणि ‘ज्युलिए’ म्हणणार.

कँटीनमध्ये भाव खायला आणखी थोडा माल देते. जगाच्या वेळेचे पट्टे सैन्यात याच अक्षरांनी ओळखले जातात. झुलू म्हणजे ग्रिनिच. त्या हिशेबाने ‘इंडिया टाइम’ म्हणजे ग्रिनिचच्या नऊ तास पुढे, म्हणजे टोकियोची वेळ! आपला साडेपाच तासांचा हिशेब एको आणि फॉक्सट्रॉटच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. ज्युलिएटला पट्टाच नाही. ती जिथे आहे तिथली वेळ सांगते.

‘रॉजर’ हा सिनेमातला लाडका शब्द. जुन्या यादीत आर म्हणजे रॉजर होता आणि आर म्हणजे रिसीव्हड, संदेश मिळाला. यादी बदलली, आरचा रोमिओ झाला, पण रॉजर काही हलला नाही. कोणी ‘रोमिओ’ म्हणून होकार देत नाही, ते बरंच आहे. आणि आपल्या सिनेमातले इन्स्पेक्टर ज्या थाटात ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतात ना, ते मुळातच चूक. ओव्हर म्हणजे ‘माझं झालं, आता तू बोल’ आणि आउट म्हणजे ‘बोलणं संपलं’. बोल पण आणि बोलू नकोस पण. नवरा-बायकोच्या भांडणात चालेल, वायरलेसवर नाही.

आपल्या विमानांच्या शेपटीवर व्हीटी लिहिलेलं असतं, व्हिक्टर टँगो. त्याचा अर्थ ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असं छातीठोक सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना एवढंच विचारा, की मग ऑस्ट्रेलियाच्या विमानांवर व्हीएच का? इंग्रजांच्या ताब्यातल्या अनेक मुलखांना व्हीने सुरू होणारी अक्षरं वाटली गेली होती, त्यात आपल्या पदरात टी पडला. बोरीबंदरच्या व्हीटीशी तर याचं काही नातंच नाही. तिथे व्हिक्टोरिया टर्मिनस होतं, आणि स्टेशनचं ते नाव 1996 मध्ये बदललं.

आणि शीतयुद्धात सोव्हिएत पाणबुड्यांना नाटोवाल्यांनी हीच अक्षरं चिकटवली. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा ही पाणबुडी म्युझियम म्हणून उभी आहे, ती फॉक्सट्रॉट वर्गातली. पण खरी धमाल 1981 ची. ऑक्टोबरमध्ये एक सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या नाविक तळाजवळ खडकांवर जाऊन रुतली. ती होती व्हिस्की वर्गातली. जगभरच्या पेपरवाल्यांना हेडिंग आयतं मिळालं : व्हिस्की ऑन द रॉक्स!

नाथान कुठे गेला?

इथपर्यंत मामला मजेचा आहे. पण अशी यादी किती कडवट होऊ शकते हे जर्मनीकडे बघून कळतं.

बर्लिनच्या 1890 च्या टेलिफोन पुस्तकात अक्षरांसाठी चक्क आकडे होते. ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन. ते कोणाच्या लक्षात राहणार? मग 1903 मध्ये आकड्यांच्या जागी माणसांची नावं आली. डी फॉर डाव्हिड, एन फॉर नाथान, एस फॉर झामुएल, झेड फॉर त्साखारियास. रोज हजारो ऑपरेटर आणि कारकून ही नावं घेत होते, त्यात कोणाला काही वाटत नव्हतं.

मार्च 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, रॉस्टॉक शहरातल्या एका गृहस्थाने तिथल्या पोस्टाला कार्ड टाकलं : ही ज्यूंची नावं आता यादीत कशाला? वरून हुकूम आला नव्हता हो. एका साध्या नागरिकाने आपणहून लिहिलं. 1934 च्या यादीत डाव्हिडचा झाला डोरा, नाथानचा नॉर्डपोल म्हणजे उत्तर ध्रुव, झामुएलचा झिगफ्रिड, म्हणजे जर्मन पुराणकथांतला वीरपुरुष, आणि त्साखारियासचा त्सेपेलिन.

युद्ध संपल्यावर झामुएल आणि त्साखारियास कागदावर परत आले. लोकांच्या तोंडात मात्र झिगफ्रिड आणि त्सेपेलिनच राहिले. नाथान आणि डाव्हिड तर कागदावरही परतले नाहीत. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं भलीभली, सुशिक्षित, कोणाचंही वाईट न चिंतणारी जर्मन माणसं फोनवर ‘एन फॉर नॉर्डपोल’ म्हणत राहिली. कोणी कधी विचारलं नाही, की उत्तर ध्रुवाचा आणि आपल्या ऑफिसचा संबंध काय.

2020 मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचे ज्यूद्वेषविरोधी आयुक्त मिखाएल ब्लुमे यांनी हा विषय लावून धरला. मग प्रश्न आला, की जुनीच नावं परत आणायची की नवं काही करायचं? कारण जुन्या यादीत पुरुषांची नावं भरमसाट, बायकांची मोजकी, आणि स्थलांतरितांची तर नाहीतच. शेवटी माणसंच नकोत असं ठरलं. 2022 मध्ये ऑफिसच्या कामकाजासाठी जी प्रमाण यादी आली, तिच्यात शहरं आहेत. ए फॉर आखेन, बी फॉर बर्लिन, एम फॉर म्युन्शेन. क्यू साठी क्विकबोर्न सापडलं, एक्ससाठी झांटेन सापडलं. वायला काही जमलं नाही, म्हणून तिथे ‘इप्सिलॉन’ हे त्या अक्षराचं नावच ठेवून दिलं. म्हणजे शिस्तप्रिय जर्मनांनी अधिकृतपणे केलेलं ‘एस फॉर एस’!

आणि आर फॉर काय असेल? रॉस्टॉक. जिथून ते कार्ड टाकलं होतं, ते रॉस्टॉक.

अकोला ते झरप

आपल्याकडे अशी अधिकृत देशी यादी नाही, पण बिनकागदाची आहे. बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, एम फॉर मद्रास, सी फॉर कलकत्ता. शहरांची नावं बदलली तेव्हा या यादीत काय संगीत खुर्ची झाली बघा. 1995 मध्ये बॉम्बेची मुंबई झाली आणि एमच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथे बसलेलं मद्रास 1996 मध्ये चेन्नई होऊन सीकडे गेलं. सीवर बसलेलं कलकत्ता 2001 मध्ये कोलकाता होऊन केकडे सरकलं. रिकामी राहिली बीची खुर्ची. 2014 मध्ये बंगलोरचं बंगळुरू झालं तरी अक्षर तेच राहिलं, म्हणून बीची लाज राहिली. पूना-पुणे तर पीवरून तसूभरही हललं नाही. पुणेकर या वाक्याचा हवा तो अर्थ काढायला मोकळे आहेत.

तरी फोनवर आजही बॉम्बेच जास्त चालतं. माझं म्हणणं असं, की चालू द्या. शब्द चांगला की वाईट हे बोलणारा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो. विने आणि मंडळींची पहिली अट तीच होती, ऐकणाऱ्याच्या भाषेत शब्द जिवंत हवा. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला पाहुण्याच्या गाडीचा नंबर सांगताना ‘क्विबेक’ म्हणून तुम्ही फक्त इम्प्रेशन मारता, नंबर सांगत नाही. त्याला ‘एन फॉर नागपूर’च कळणार. उलट परदेशातल्या क्लायंटला नागपूर सांगाल तर तो स्पेलिंग विचारेल, आणि मग तुम्ही ‘एन फॉर...’ म्हणून पुन्हा सुरू.

म्हणून एका रविवारी मी आपल्या महाराष्ट्राची यादी करायला बसले. अकोला, बीड, चिपळूण, दादर हे झरझर झालं. ई ला एलिफंटा. (वेरूळचं इंग्रजी एलोरा, पण मराठी माणसाला ई फॉर वेरूळ सांगितलं तर तो फोन ठेवेल.) आणि मग एफ. एफ फॉर फलटण! किती छान. पण स्टेशनच्या पाटीवर फलटणचं स्पेलिंग पीने सुरू होतं. फणसे काय, फडके काय, फलटण काय, आमचा फ इंग्रजीत शिरला की एकच दुखणं. इंग्रजीत तो कोणी पी-एच लिहितो, कोणी नुसता एफ. एकाच घरात दोन भावांची दोन स्पेलिंगं मी बघितली आहेत. पॅन कार्डाचं पाचवं अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून येतं. म्हणजे या दोन सख्ख्या भावांत एकाच्या पॅनमध्ये पी आणि दुसऱ्याच्या पॅनमध्ये एफ. (चौथं अक्षर व्यक्ती असाल तर नेहमी पीच असतं. फोनवर पॅन सांगताना त्याच्यावर घसा कोरडा करू नका.)

पुढचा खड्डा व्ही आणि डब्ल्यूचा. आपल्या कानाला दोन्ही ‘व’च. वसई व्हीने, वाई डब्ल्यूने. वाशी व्हीने, वाशिम डब्ल्यूने. विरार व्हीने, वर्धा डब्ल्यूने. हे पाठ असलेला माणूस मला रेल्वेबाहेर भेटलेला नाही. इथे निमूटपणे व्हिक्टरला शरण जावं.

आणि तिसरा खड्डा तोच नेक्टर-व्हिक्टरवाला. मी केला कोल्हापूर लिहिलं, एनला नागपूर, आणि एसला सोलापूर. मैत्रिणीला लोकलमधून फोन लावून ट्राय केलं. तिला ऐकू आलं : पूर, पूर आणि पूर. मग नाशिक, कणकवली आणि सातारा असं बदललं तेव्हा कुठे जमलं. ओला ओरोस मिळालं, झेडला कोकण रेल्वेवरचं झरप. क्यू आणि एक्सला अख्ख्या महाराष्ट्रात काही सापडलं नाही. क्विकबोर्न आणि झांटेनवाल्या जर्मनांचा त्या दिवशी हेवा वाटला.

खरं तर हे सगळं दुखणं इंग्रजी अक्षरांचं. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच, ‘क’ला कोणी ‘के’ म्हणत नाही. तरी अडतं, पण आपल्या उपायांचा बाज बघा. नळातला न, बाणातला ण. बाळातला ळ. ण आणि ळने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाहीच, म्हणून अक्षर शब्दाच्या पोटातून किंवा शेपटाकडून काढायचं, आणि तरीही कोणाचा गोंधळ होत नाही. श आणि ष कानाला सारखे, म्हणून तिथे आवाजाचा नाद सोडून सरळ चित्रच सांगायचं : पोटफोड्या ष! विमानवाल्यांनी हजारो चाचण्या केल्या, पण ‘पोटफोड्या’इतका न विसरता येणारा शब्द त्यांच्या यादीत एकही नाही. फक्त ही सगळी श्रीमंती इंग्रजी फॉर्म भरताना दारात काढून ठेवावी लागते. काळे आणि काले तिथे एकच.

आकड्यांत मात्र आपण मराठी लोक मार खातो. ‘एकोणसत्तर की एकोणऐंशी?’ फोनवर आजीकडून मोबाइल नंबर घेतलाय कधी? 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? जोडाक्षरांचं सौंदर्य वगैरे वाद ज्याने त्याने घालावेत. पण फोनवर ‘वीस एक’वालेच बरोबर. हॉस्पिटलमध्ये डोस तोंडी सांगताना ‘फिफ्टीन’ म्हटल्यावर पुढे ‘वन फाइव्ह’ म्हणावं, असं परिचारिकांना शिकवतात, कारण फिफ्टीनचं फिफ्टी व्हायला वेळ लागत नाही. वैमानिक तर नऊला ‘नाइन’ म्हणतच नाहीत, ‘नाइनर’ म्हणतात, म्हणजे तो पाचसारखा ऐकू येत नाही.

जाता जाता एक टाइमपास. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकात क्लॅपहम आणि ड्वायर नावाच्या विनोदी जोडीने या ‘फॉर’ची खिल्ली उडवणारी बाराखडी लोकप्रिय केली होती. अक्षराचं नाव आणि पुढचा शब्द जोडून म्हटला की भलताच अर्थ निघायचा. आमच्या ऑफिसात आम्ही तिची मराठी आवृत्ती चालू केलीये. नियम एकच, मधला ‘फॉर’ गिळायचा. जे फॉर जुरी. सी फॉर ताफळ. बी फॉर ड. आर फॉर सा. जे फॉर वण. के फॉर रसुणी. पी फॉर तांबर. टी फॉर पॉय. जी फॉर वघेणा. ओ फॉर वी. एस फॉर टी (लाल डबा, दुसरं काय). एन फॉर वेळी, हा थोडा ओढून आणलाय, पण डेडलाइनच्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही. आणि आमच्या बॉसला उद्देशून, तो नसताना, आय फॉर तोबा.

एच, एक्स आणि डब्ल्यू अजून रिकामे आहेत. सुचलं तर कळवा, फोनवर नको.